पंख असूनही गाडी उडत का नाही? – रेसिंग कार आणि डाऊनफोर्स



आजचा पाठ माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका प्रश्नातून तयार झाला आहे. मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्याकडे आला. आदल्या रात्री त्याने वडिलांच्या मोबाईलवर फॉर्म्युला वन शर्यतीचा व्हिडिओ पाहिला होता. म्हणाला, "बाई, त्या गाडीला मागे केवढा मोठा पंख असतो! विमानाला पंख असतो म्हणून ते उडतं. मग ही गाडी एवढी जोरात पळूनही उडत का नाही?"

किती छान प्रश्न आहे बघा! मी त्याला पटकन उत्तर दिलं, "अरे, तो पंख उलटा लावलेला असतो." उत्तर बरोबर होतं. पण त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. घरी जाऊन वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की पंखाबद्दल मी स्वतः काही वर्षं मुलांना एक गोष्ट चुकीची शिकवत होते. ती कोणती, ते पुढे सांगतेच. चला तर मग, सुरुवातीपासून सुरुवात करूया.

१. गाडी वळते कशामुळे?

तुम्ही म्हणाल, स्टिअरिंगमुळे. नाही! स्टिअरिंग फक्त चाकाची दिशा बदलतं. गाडीला वळवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर धावताना वळून बघा (खरं म्हणजे नकाच बघू!). पाय वळतो, पण शरीर सरळ पुढेच जातं. घर्षण नाही, तर वळणं नाही.

आता घर्षण कशावर अवलंबून असतं? दोन गोष्टींवर. एक, दोन्ही पृष्ठभाग कसे आहेत. आणि दोन, ते एकमेकांवर किती जोरात दाबले गेले आहेत. टेबलावर वही ठेवा आणि एका बोटाने ढकला. सहज सरकते. आता दुसऱ्या हाताने वही वरून दाबून धरा आणि पुन्हा ढकला. जड जाते ना? वही तीच, टेबल तेच. फक्त दाबणारं बल वाढलं.

म्हणजे गाडी वळणावर घसरू नये असं वाटत असेल, तर टायर रस्त्यावर जास्त जोरात दाबला गेला पाहिजे. इथपर्यंत सगळ्यांना पटलं असेल.

२. मग गाडीत दगड भरले तर?

वर्गात हे सांगितल्याबरोबर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग सोप्पंय! गाडीत दगड भरायचे. जड गाडी जास्त दाबली जाईल."

सगळा वर्ग हसला. पण मी म्हटलं, हसू नका, हाच तर या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. जरा विचार करा. दगड भरले की टायर जास्त दाबला जाईल, घर्षण वाढेल, हे खरं. पण गाडी जड झाली की तिला वळवायलाही जास्त बल लागेल! रिकामी सायकल वळवणं आणि मागे धान्याचं पोतं बांधलेली सायकल वळवणं यात फरक असतो, हे आपल्या मुलांना कुणी सांगायला नको.

आठवी-नववीच्या मुलांसाठी थोडा हिशेब करून बघू. समजा वळणाची त्रिज्या १०० मीटर आहे, गाडीचं वस्तुमान ८०० किलो आहे आणि घर्षण गुणांक सोपा म्हणून १ धरला. गुरुत्वीय त्वरण १० धरूया.

गाडीचं वजन = ८०० × १० = ८००० न्यूटन. म्हणजे जास्तीत जास्त घर्षण ८००० न्यूटन.

वळायला लागणारं बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या.

८००० = ८०० × वेगाचा वर्ग ÷ १००. म्हणून वेगाचा वर्ग = १००० आणि वेग = साधारण ३१.६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ११४ किमी.

आता ८०० किलो दगड भरा. वस्तुमान १६०० किलो, घर्षण १६,००० न्यूटन. पण मांडणीत दोन्ही बाजूंना वस्तुमान दुप्पट झालं, म्हणून वेग पुन्हा ताशी ११४ किमीच! एवढे दगड वाहून हाती काय आलं? काहीच नाही. उलट तोटा झाला. ब्रेक लावायला जड, वेग घ्यायला जड, टायर लवकर तापणार आणि झिजणार.

मग आपल्याला काय हवं आहे? दाब वाढला पाहिजे, पण वस्तुमान वाढता कामा नये. म्हणजे गाडीला वरून एखाद्या अदृश्य हाताने दाबून धरलं पाहिजे, आणि त्या हाताचा भार मात्र गाडीला वाहायला लागू नये. असा अदृश्य हात म्हणजे हवा! आणि हवेच्या या खाली दाबणाऱ्या बलालाच डाऊनफोर्स म्हणतात.

त्याच गाडीवर हवेने आणखी ८००० न्यूटन डाऊनफोर्स दिला, तर घर्षण १६,००० न्यूटन होतं, पण वस्तुमान ८०० किलोच राहतं. गणित करून बघा. वेगाचा वर्ग २००० आणि वेग साधारण ४४.७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १६१ किमी. त्याच वळणावर ११४ च्या जागी १६१! शर्यतीत हा फरक म्हणजे जिंकणं आणि शेवटचं येणं इतका मोठा आहे.

३. पंख नेमकं काय करतो? (आणि माझी चूक)

आता माझ्या चुकीकडे वळते. मी मुलांना असं सांगायचे, "विमानाच्या पंखाचा वरचा भाग फुगीर असतो, म्हणून वरचा रस्ता लांब. पुढच्या कडेला वेगळे झालेले हवेचे दोन कण मागच्या कडेला पुन्हा एकत्र भेटतात. वरच्या कणाला लांबचा रस्ता, म्हणून तो जोरात पळतो. जिथे वेग जास्त तिथे दाब कमी. म्हणून पंख वर उचलला जातो." एका जुन्या मार्गदर्शक पुस्तकात असंच होतं. मी फळ्यावर आकृती काढायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची.

या वेळी तेच सांगायला लागले, तर एका मुलीने विचारलं, "बाई, पण त्या दोन कणांना मागे भेटायचं कुणी सांगितलंय?"

मी गप्प झाले. खरंच, कुणी सांगितलंय? हवेच्या कणांनी एकमेकांना शब्द थोडाच दिलेला असतो! वाचल्यावर कळलं की ते मुळी भेटतच नाहीत. ज्या बाजूला दाब कमी असतो, तिथली हवा मागच्या कडेला आधीच पोहोचते. आणि सपाट पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू तर सारख्याच लांबीच्या असतात, तरी तो वाऱ्यात तिरका धरला की हात वर किंवा खाली ढकलला जातोच. म्हणजे "लांब रस्ता" हे कारणच नव्हे. वेग जास्त तिथे दाब कमी, हा भाग खरा आहे. पण वेग का वाढतो याचं मी दिलेलं कारण चुकीचं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे स्पष्ट सांगितलं आणि मुलांना वहीतली जुनी आकृती खोडायला लावली. शिक्षकांनो, तुम्हीही असं शिकवत असाल तर बदला. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

मग खरं कारण काय? पंख हवेची दिशा बदलतो. रेसिंग कारच्या पंखाची पुढची कड खाली आणि मागची कड वर असते. समोरून आलेली हवा त्याच्यावरून आणि त्याच्या खालून वळत वळत वरच्या दिशेला फेकली जाते. पंखाने हवेला वर ढकललं, म्हणून हवेने पंखाला खाली ढकललं. न्यूटनचा तिसरा नियम! हवा अशी वळते तेव्हा पंखाच्या खालच्या बाजूला दाब कमी होतो आणि वरच्या बाजूला जास्त. दाबातला फरक म्हणा किंवा हवेची बदललेली दिशा म्हणा, एकाच गोष्टीकडे पाहायच्या या दोन खिडक्या आहेत.

विमानात हेच उलटं. तिथे पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून विमान वर जातं. झालं, त्या मुलाच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं!

४. करून पाहूया

*प्रयोग १ : चमचा आणि नळ.* नळाची बारीक धार सोडा. चमच्याच्या दांडीचं टोक दोन बोटांत सैल धरून तो लोंबकळत ठेवा. आता चमच्याची फुगीर पाठ हळूच धारेला लावा. चमचा धारेपासून दूर ढकलला जाईल असं वाटतं ना? उलट तो धारेत ओढला जातो! नीट बघा, पाणी चमच्याच्या पाठीला धरून वळतं आणि दुसऱ्या बाजूला फेकलं जातं. पाणी एका बाजूला, चमचा विरुद्ध बाजूला. पंखाचंही असंच असतं.

*प्रयोग २ : वजनकाट्यावरची गाडी.* हा आमच्या वर्गाचा सगळ्यात आवडता. किराणा दुकानात असतो तसा डिजिटल काटा, एक खेळण्यातली गाडी, एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आणि टेबल फॅन घ्या. गाडीच्या मागच्या बाजूला पुठ्ठा चिकटवा. चाकं हलू नयेत म्हणून काट्याच्या ताटलीवरच थोडी माती लावून ती पक्की करा. आधी पुठ्ठा आडवा ठेवून, फॅन समोरून लावून आकडा लिहून घ्या. (फॅनचा वारा ताटलीवरही पडतो, म्हणून हा आकडा आधी घेणं महत्त्वाचं!) आता पुठ्ठ्याची मागची कड वर उचला. आकडा वाढतो. मग पुढची कड वर आणि मागची खाली करा. आकडा कमी होतो. आमच्याकडे फरक काही ग्रॅमचाच होता, पण तो आकडा बदलताना पाहून मुलांनी जो गलका केला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला!

फॅन एकवरून तीनवर नेऊन बघा. वारा वाढला की फरकही वाढतो. किती वाढतो? ते पुढे.

५. वेग दुप्पट, तर बल चौपट

हवेचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आपल्या उदाहरणातल्या गाडीला ताशी १६० किमी वेगाला ८०० किलो भाराइतका डाऊनफोर्स मिळतो असं धरूया. (खऱ्या फॉर्म्युला वन गाडीतही ताशी दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास डाऊनफोर्स गाडीच्या वजनाइतका होतो.) मग तक्ता असा होईल:

ताशी ४० किमी – ५० किलो भाराइतका
ताशी ८० किमी – २०० किलो भाराइतका
ताशी १६० किमी – ८०० किलो भाराइतका
ताशी २४० किमी – १८०० किलो भाराइतका

या तक्त्यातून एक गंमत दिसते. वेगाच्या मोठ्या वळणावर चालकाने घाबरून वेग कमी केला, तर त्याची पकडही कमी होते! म्हणून नव्या चालकाला हवेवर विश्वास ठेवायला शिकावं लागतं. आणि ब्रेकचं बघा. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग सगळ्यात जास्त असतो, म्हणून पकडही सगळ्यात जास्त. चालक पहिल्या क्षणी ब्रेक जोरात दाबतो आणि वेग उतरेल तसा पाय हळूहळू सैल करतो. नाही केला, तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. मोनॅकोच्या रस्त्यावर केसाच्या पिनेसारखं एक वळण आहे, तिथे गाड्या ताशी पन्नासच्या आसपास येतात. तिथे हवेचा अदृश्य हात जवळजवळ नसतोच. फक्त टायर आणि चालकाचं कौशल्य.

दुसरी गोष्ट, ही पकड फुकट मिळत नाही. पंखाला हवा जशी खाली दाबते तशी मागेही ओढते. म्हणून वळणं कमी आणि सरळ रस्ते लांब असतील तिथे (उदाहरणार्थ इटलीतलं मोंझा) पंख चपटे ठेवतात, आणि मोनॅकोसारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर मोठे, तिरपे.

६. ही कल्पना आली कुठून?

१९२८ साली जर्मनीत बर्लिनच्या आवूस रस्त्यावर फ्रिट्झ फॉन ओपेल यांनी रॉकेटवर चालणारी गाडी ताशी सुमारे २३८ किमी वेगाने पळवली. तिच्या दोन्ही बाजूंना उलटे पंख होते, कारण ती उडून जाईल अशी भीती होती. पुढे १९५६ मध्ये मिखाएल माय या स्वित्झर्लंडच्या तरुण अभियंत्याने आपल्या पोर्श गाडीवर, चालकाच्या डोक्यावर येईल असा मोठा पंख लावून न्यूर्बुर्गरिंग गाठलं. आयोजकांनी तो काढायला लावला. कल्पना तिथेच थांबली.

१९६६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या जिम हॉल यांनी चॅपरल २ई ही गाडी आणली. उंच खांबांवर पंख, आणि तो थेट मागच्या चाकांच्या आधाराला जोडलेला, म्हणजे दाब सरळ टायरवर. शिवाय चालकाच्या पायाशी एक पेडल. सरळ रस्त्यावर ते दाबलं की पंख आडवा, वळणावर सोडलं की तिरपा! १९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्येही पंख आले आणि वर्षभरात ते उंच उंच होत गेले.

आणि इथे गोष्ट गंभीर होते.

७. हवेने दिलेलं हवा परत घेते

४ मे १९६९. स्पेनमधल्या बार्सिलोनाचा मोंजुईक रस्ता. लोटस संघाच्या दोन गाड्या, चालक ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट. दोघांच्याही गाड्यांवर बारीक दांड्यांवर उभारलेले उंच पंख. रस्त्यावरच्या उंचवट्यानंतर हिल यांच्या गाडीचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनंतर त्याच जागी रिंट यांच्या गाडीचा पंख मोडला आणि त्यांची गाडी हिल यांच्या मोडक्या गाडीवर जाऊन आपटली. रिंट यांच्या चेहऱ्याला दुखापत झाली, पण दोघेही वाचले. दोनच आठवड्यांनी मोनॅकोत उंच पंखांवर बंदी आली. नंतर पंख परत आले, पण कमी उंचीचे आणि गाडीच्या अंगाला घट्ट बसवलेले.

नेमकं काय झालं, समजून घ्या. चालक ज्या वेगाने वळणावर शिरतो तो वेग त्याने पंखाच्या भरवशावर ठरवलेला असतो. पंख गेला की टायरवरचा दाब एका क्षणात निम्म्यावर येतो, पण वेग तोच राहतो! आपल्या गणितातला ताशी १६१ चा चालक एकदम ताशी ११४ च्या पकडीवर येतो.

पुढचा टप्पा त्याहून हुशारीचा. लोटसचे पीटर राइट आणि सहकारी लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये (पंख्याने वारा सोडून प्रतिकृती तपासायचा बोगदा) काम करत होते. प्रतिकृतीचे बाजूचे भाग वाऱ्याच्या दाबाने खाली झुकले आणि जमिनीच्या जवळ गेले, तसा डाऊनफोर्स वाढत गेला. बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बंद केल्यावर तो आणखी वाढला. यातून निघाली १९७७ ची लोटस ७८ आणि १९७८ ची लोटस ७९. गाडीचं पोटच पंखासारखं! गाडी आणि रस्ता यांच्यातल्या अरुंद जागेतून हवा जाते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. नदीचं पात्र दोन खडकांमध्ये अरुंद झालं की पाणी कसं धावतं, तसंच. वरून हवेचा दाब नेहमीचा, खालून कमी, म्हणून गाडी रस्त्याला चिकटते. बाजूंनी हवा आत शिरू नये म्हणून खाली सरकत्या झालरी लावल्या. १९७८ ची स्पर्धा मारिओ आंद्रेत्ती यांनी याच गाडीवर जिंकली.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रॅबम संघाने गाडीच्या मागे चक्क मोठा पंखा बसवून खालची हवा उपसली आणि निकी लाउडा जिंकले. पण ती गाडी त्या एका शर्यतीनंतर पुन्हा उतरली नाही. (अमेरिकेत चॅपरल २जे ने १९७० मध्ये अशीच युक्ती केली होती, तिच्यावरही बंदी आली.)

झालरींचं काय झालं? एखादी झालर अडकून वरच राहिली की बाहेरची हवा आत घुसायची आणि सगळी पकड क्षणात नाहीशी व्हायची. पुन्हा तोच धोका! म्हणून १९८१ मध्ये सरकत्या झालरी बंद झाल्या आणि १९८३ पासून गाडीचं पोट सपाट ठेवायचा नियम आला.

१९९९ ची फ्रान्समधली ल मान्स शर्यत तर या पाठातला सगळ्यात मोठा धडा आहे. मर्सिडीजच्या सीएलआर गाड्या दुसऱ्या गाडीच्या मागे, उंचवट्यावरून जाताना नाक वर करू लागल्या. नाक वर झालं की हवा पोटाखाली शिरते, आणि मग तीच हवा गाडीला उचलते. मार्क वेबर यांची गाडी शर्यतीआधी दोन वेळा उलटली. शर्यतीत पीटर डम्ब्रेक यांची गाडी हवेत कोलांट्या घेत कठडा ओलांडून झाडांत जाऊन पडली. नशिबाने दोघेही वाचले. मर्सिडीजने उरलेली गाडी शर्यतीतून काढून घेतली.

"गाडी उडत का नाही?" हा आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मुळीच भाबडा नव्हता. ती उडू शकते. हवेला चुकीच्या बाजूने वाट मिळाली, तर उडतेच! आमच्या रायगडच्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात घरांचे पत्रे कसे उचलले गेले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. वारा छपरावरून जोरात गेला की वरचा दाब कमी होतो, खालून आतली हवा ढकलते आणि पत्रा उडतो.

८. आज काय चाललं आहे?

पुढच्या गाडीच्या मागे हवा घुसळलेली असते. म्हणून पाठलाग करणाऱ्या गाडीला वळणावर कमी डाऊनफोर्स मिळतो आणि ओलांडून जाणं अवघड होतं. त्यावर उपाय म्हणून २०११ पासून सरळ रस्त्यावर मागच्या पंखाची फळी उघडायची सोय आली. जिम हॉल यांचं पेडल आठवलं ना? २०२२ मध्ये पोटाखालचे बोगदे नव्या नियमांनी परत आले. पण त्याबरोबर जुना त्रासही आला. गाडी जमिनीजवळ ओढली जायची, फार जवळ गेली की खालचा प्रवाह तुटायचा, गाडी वर यायची, पुन्हा ओढली जायची. नुसत्या उड्या! बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टन यांना पाठदुखीमुळे गाडीतून उतरणंही कठीण झालं होतं. २०२६ च्या नियमांत तर पुढचे आणि मागचे दोन्ही पंख हलणारे आहेत.

"मग गाडी छताला उलटी चिकटून चालेल का?" असंही मुलांनी विचारलं. हिशेबाने, डाऊनफोर्स वजनापेक्षा जास्त झाला की चालायला हवी. २०२५ मध्ये ब्रिटनच्या मॅकमर्ट्री कंपनीने पंख्याने हवा उपसणारी आपली गाडी खास बनवलेल्या मांडणीवर उलटी करून थोडं अंतर चालवून दाखवली. पंखा असल्यामुळे तिला वेगाचीही गरज नव्हती.

९. जाता जाता एक महत्त्वाची गोष्ट

आपल्याकडे काही तरुण साध्या गाडीच्या डिकीवर मोठा पंख बसवून घेतात आणि समजतात, आता गाडी रस्त्याला चिकटून चालेल. आपला तक्ता पुन्हा बघा. खास बनवलेल्या शर्यतीच्या गाडीला ताशी ४० ला जेमतेम ५० किलो भार मिळतो. मग घाटातल्या वळणावर साध्या गाडीवरच्या शोभेच्या पंखाने काय मिळणार? उलट बऱ्याच साध्या गाड्यांना वेगात हवा किंचित वरच उचलते. पावसाळी घाटात तुमच्याकडे पकड असते ती फक्त टायरची, आणि टायर गुळगुळीत झाला असेल तर तीही नाही. तिथे वेग कमी करणं हाच उपाय. हे वाक्य तुमच्या घरातल्या मोठ्या दादाला जरूर वाचून दाखवा.

थोडक्यात काय शिकलो?

• वळायला घर्षण लागतं आणि घर्षण दाबावर अवलंबून असतं.
• वजन वाढवून फायदा नाही. दाब वाढायला हवा, वस्तुमान नको.
• पंख हवेला वर वळवतो, म्हणून हवा गाडीला खाली दाबते.
• वेग दुप्पट झाला की डाऊनफोर्स चौपट होतो.
• ही पकड उसनी आहे. हवेची वाट बिघडली की ती लगेच जाते.

स्वाध्याय

१) ताशी १६० किमीला ८०० किलो भाराइतका डाऊनफोर्स असेल, तर ताशी १२० किमीला किती? (उत्तर : ४५०)
२) पंखाचा पुठ्ठा उभा, म्हणजे अगदी काटकोनात धरला तर डाऊनफोर्स वाढेल की हवेचा अडथळा? वजनकाट्यावर करून बघा.
३) चंद्रावर रेसिंग कारला पंख लावून उपयोग होईल का? कारण लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मुद्दाम देत नाही. मुलांना भांडू द्या! आणि तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने "कुणी सांगितलंय?" असं विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. माझ्या वर्गातल्या त्या प्रश्नामुळे माझी कित्येक वर्षांची चूक सुधारली.